सूक्ष्म कशाला म्हणावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मिरचीवरच्या चुरडा-मुरडा रोगाबद्दल शेतकऱ्यांसाठी माहितीपत्रक लिहिताना तुम्ही एक वाक्य लिहिले : ‘पांढरी माशी हा सूक्ष्म कीटक सूक्ष्म विषाणूंचा प्रसार करतो.’ तपासणाऱ्या बाईंनी पहिला ‘सूक्ष्म’ खोडला, दुसरा तसाच ठेवला आणि कारण काही सांगितले नाही. सूक्ष्म म्हणजे खूप लहान, मग तो माशीला का चालत नाही, असे तुम्ही विचारता. आणि चालत नसेल, तर बारीक, इवलासा, अतिसूक्ष्म, अणू यांतले काय कुठे घालायचे, हेही.

गेली तीस वर्षे मी शेती आणि आरोग्याची पत्रके, पुस्तिका मराठीत लिहितो आणि दुसऱ्यांनी लिहिलेली तपासतो. बाईंचे बरोबर आहे. मी त्यांच्या जागी असतो तर दुसराही खोडला असता, पण ते शेवटी सांगतो.

आधी त्या वाक्यातल्या दोघांची मापे पाहा. पांढरी माशी साधारण १ मिलिमीटर लांब असते. मिरचीवर ती जो विषाणू पसरवते, त्याचा कण सुमारे ३० नॅनोमीटरचा. १ मिलिमीटर म्हणजे १० लाख नॅनोमीटर. म्हणजे माशी विषाणूच्या तीस हजारांहून जास्त पट मोठी झाली. तो विषाणू फुगवून मोहरीच्या दाण्याएवढा, दोन मिलिमीटरचा केला, तर त्याच हिशेबाने माशी पासष्ट-सत्तर मीटर लांब होईल, वीस मजली इमारत आडवी टाकल्यासारखी. एकाच वाक्यात दोघांना एकच विशेषण लावले की वाचणाऱ्याला दोघेही ‘लहान काहीतरी’ वाटतात. शेतकऱ्याला तर इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कळायला हवी असते, की यांतले एक त्याला शेतात उभ्याने दिसणार आहे आणि दुसरे कधीच दिसणार नाही.

‘सूक्ष्म’चा अर्थ इथेच आहे. हा शब्द आकारापेक्षा आपल्या इंद्रियांच्या पोचेबद्दल बोलतो. विरुद्धार्थी शब्द विचारा म्हणजे लगेच कळते. लहानच्या उलट मोठा, बारीकच्या उलट जाड किंवा भरड, आणि सूक्ष्मच्या उलट स्थूल. जे डोळ्याला, हाताला सरळ सापडते ते स्थूल. जे सापडायला भिंग लागते, साधना लागते, नाहीतर मुरलेली नजर लागते, ते सूक्ष्म. वेदान्तात स्थूलदेह आणि सूक्ष्मदेह म्हणतात, तिथे सूक्ष्मदेह हा काही हाडामासाच्या देहाची छोटी प्रतिकृती नाही. पाच ज्ञानेंद्रिये, पाच कर्मेंद्रिये, पाच प्राण, मन आणि बुद्धी अशा १७ तत्त्वांचा तो सांगितला आहे. त्याला लांबी-रुंदी नाही. तरी तो सूक्ष्म, कारण तो दिसत नाही. ‘दोन शब्दांत सूक्ष्म फरक आहे’ असे आपण म्हणतो तेव्हाही तो फरक लहान आहे असे सांगायचे नसते. कधीकधी तो फार मोठा असतो, फक्त चटकन लक्षात येत नाही. सूक्ष्म निरीक्षण, सूक्ष्म नजर, गाण्यातल्या सूक्ष्म श्रुती, सगळीकडे हाच अर्थ आहे.

म्हणून माझा कामाचा नियम सोपा आहे. डोळा जिथे थांबतो तिथून पुढे ‘सूक्ष्म’. वाचायला पुस्तक धरतो तेवढ्या अंतरावर चांगल्या नजरेला साधारण ०.१ मिलिमीटरपर्यंतचे वेगळे दिसते. फूटपट्टीवरच्या एका मिलिमीटरचे मनाने दहा भाग करा, त्यातला एक. डोक्यावरचा केस साधारण त्याच्या आसपास किंवा त्याहून थोडा पातळ असतो. रक्तातली तांबडी पेशी ७ ते ८ मायक्रोमीटरची (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे केसाच्या जाडीत अशा आठ-दहा शेजारी-शेजारी मावतील. ही पेशी सूक्ष्म. मुंगी, फुलकिडा, मावा, पांढरी माशी यांतले कोणीही सूक्ष्म नाही, ते लहान आहेत. मिरचीवरचा पिवळा कोळी ०.२ मिलिमीटरच्या आसपास असतो, तो मात्र अगदी उंबरठ्यावर बसलेला आहे. त्याच्याबद्दल मी ‘नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा, भिंग घेऊन पाहावा’ असे लिहितो. चार शब्द जास्त लागतात, पण शेतकरी भिंग घेऊन जातो.

या नियमालाही एक धक्का आहे, तो सांगायला हवा. सूक्ष्मजीव म्हणजे न दिसणारा जीव, असे आपण शाळेत शिकवतो. पण २०२२ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या ग्वाडेलूप बेटांवरच्या खारफुटीत सापडलेल्या एका जीवाणूचे वर्णन प्रसिद्ध झाले, त्याची लांबी सुमारे १ सेंटिमीटर आहे. पांढऱ्या दोऱ्यासारखा तो सरळ डोळ्यांना दिसतो. तरी तो सूक्ष्मजीवच, कारण ‘सूक्ष्मजीव’ हे आता एका वर्गाचे नाव झाले आहे. पारिभाषिक शब्द एकदा पक्का झाला की तो फोडून अर्थ लावायचा नसतो.

हे ‘फोडून अर्थ लावणे’ किती महागात पडते, ते मी एकदाच पाहिले आणि विसरलो नाही. सोलापूर जिल्ह्यात एका गावी शेतकऱ्यांच्या बैठकीत आमचे पत्रक वाटले होते. त्यात वाक्य होते : ‘माती परीक्षणानुसार सूक्ष्म अन्नद्रव्ये द्यावीत.’ पुढच्या खेपेला गेलो तर एक वयस्कर शेतकरी पुढे आले, हातात फडक्याची पुरचुंडी. ती सोडून त्यांनी चिमूटभर पांढरी पूड माझ्या तळहातावर ठेवली. पिठासारखी मऊ. झिंक सल्फेटचे, म्हणजे जस्ताच्या खताचे, खडे त्यांनी खलबत्त्यात कुटले होते आणि सुती कापडातून गाळले होते, वैद्य चूर्ण करतात तसे, वस्त्रगाळ. घरातल्या दोन बायका त्यासाठी दिवसभर बसल्या होत्या. ते म्हणाले, “साहेब, अजून किती बारीक करायचं सांगा. एवढं केलं तर चालंल का?”

त्यांचे काहीच चुकले नव्हते. मराठी कळणारा कोणीही माणूस तो शब्द तसाच वाचेल. चूक आमची होती. सूक्ष्म अन्नद्रव्यांमध्ये द्रव्याचा कण सूक्ष्म नसतो, पिकाची गरज अत्यल्प असते. वाळवलेल्या झाडाच्या दहा लाख भागांत जस्ताचे पुरेसे प्रमाण साधारण २० भाग असते, मॉलिब्डेनमचे तर ०.१ भाग. नत्र मात्र शेकड्यात मोजावे लागते. जस्त, लोह, मँगनीज, तांबे, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्लोरिन ही नावे या यादीत येतात ती या कारणाने. झिंक सल्फेट पाण्यात आपोआप विरघळते, ते कुटायची गरजच नव्हती. तेव्हापासून मी पहिल्यांदा ‘पिकाला अगदी थोडी, पण हटकून लागणारी अन्नद्रव्ये’ असे लिहितो आणि मगच ‘यांना सूक्ष्म अन्नद्रव्ये म्हणतात’ असे जोडतो. हा क्रम मी कोणालाही बदलू देत नाही.

तसे पाहिले तर इंग्रजीतल्या ‘मायक्रो’साठी आपण सरसकट ‘सूक्ष्म’ लावत गेलो आणि एकाच शब्दावर चार-पाच ओझी पडली. सूक्ष्म सिंचनात, म्हणजे ठिबक आणि तुषारमध्ये, पाण्याचा थेंब सूक्ष्म नसतो, पाणी थोडे-थोडे दिले जाते. सूक्ष्म अर्थशास्त्रात एकेक ग्राहक, एकेक उत्पादनसंस्था पाहतात, म्हणून त्याला अंशलक्षी हा जुना शब्द मला जास्त आवडतो, तो काय पाहतो ते सांगतो. सूक्ष्म उद्योग ही तर कायद्याची पायरी आहे. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म धरला जातो. तालुक्याच्या गावात ज्याला सगळे मोठा कारखानदार म्हणतात तो कागदावर सूक्ष्म असू शकतो. कागदावर ते ठीक आहे, तिथे व्याख्या जोडलेली असते. पण तुमच्या पत्रकात व्याख्या नसते, म्हणून तिथे शब्दाने एकट्याने काम केले पाहिजे.

आता तुमचा दुसरा भाग, अणूचा. इथे मराठीत एक मोठा खड्डा आहे आणि हिंदीतून भाषांतर करणारे हमखास त्यात पडतात. मराठीत अणू म्हणजे मूलद्रव्याचा कण, आणि अणू जुळून होतो तो रेणू. हिंदीत पहिल्याला परमाणु म्हणतात आणि दुसऱ्याला अणु. म्हणजे हिंदी ‘जल का अणु’ मराठीत ‘पाण्याचा रेणू’ झाला पाहिजे. ‘पाण्याचा अणू’ असे छापलेले मी अनेकदा दुरुस्त केले आहे. जाहिरातींतले ‘कीटाणू’ही असेच थेट हिंदीतून आले. मराठीत त्याला जंतू, रोगजंतू हे चांगले रुळलेले शब्द आहेत.

दुसरी अडचण विषाणू आणि जीवाणू या शब्दांतल्या ‘अणू’ची. इथे अणू म्हणजे नुसते ‘फार लहान’, रसायनशास्त्रातला अणू नव्हे. करोनाच्या काळात एका शाळकरी मुलीने मला विचारले होते, विषाणू म्हणजे विषाचा अणू का? तिने शब्द नीट वाचला होता. तिला सांगितले ते असे : करोनाचा विषाणू सुमारे १०० नॅनोमीटरचा आणि एक अणू साधारण ०.१ नॅनोमीटरचा, म्हणजे विषाणूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हजारेक अणू ओळीने बसतील. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकातून ०.२ मायक्रोमीटर, म्हणजे २०० नॅनोमीटरपर्यंतचेच वेगळे दिसते. जीवाणू त्यात दिसतो, विषाणू दिसत नाही, त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. ‘अतिसूक्ष्म’ हा शब्द मी याच पायरीसाठी राखून ठेवतो : साध्या सूक्ष्मदर्शकालाही न सापडणारे. जोर द्यायचा म्हणून ‘अति’ लावायचा नाही.

जुन्या मराठीत अणू हा शब्द रसायनशास्त्राच्या कितीतरी आधीपासून आहे. ‘अणुरणीया थोकडा । तुका आकाशाएवढा’ ही ओळ सगळ्यांना पाठ असते, पण बरेच जण ‘अणुरेणिया’ म्हणतात आणि अणू-रेणू असा अर्थ लावतात. तिच्यामागे कठोपनिषदातले ‘अणोरणीयान् महतो महीयान्’ आहे, अणूहूनही लहान, थोराहूनही थोर. ‘अणीयान्’चे ‘रणीया’ झाले, त्यात रेणू नाही. आणि ‘थोकडा’ म्हणजे आपला आजचा ‘थोडका’. रेणू म्हणजे मुळात धूळ, चरणरेणू म्हणतो तो.

धुळीवरून आठवले म्हणून एक जागा दाखवतो, ती मला फार प्रिय आहे. जुन्या घरात दुपारी कौलांच्या फटीतून उन्हाची तिरीप येते आणि तिच्यात धुळीचे कण तरंगताना दिसतात. तिरिपेच्या बाहेर तीच हवा, तेच कण, पण काही दिसत नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वजनांचे कोष्टक इथूनच सुरू होते : जाळीतून आलेल्या उन्हात जो ‘सूक्ष्म’ रज दिसतो तो त्रसरेणू, तेच पहिले माप. आठ त्रसरेणूंची एक लिक्षा, तीन लिक्षांची एक राई, तीन राईंची एक पांढरी मोहरी, सहा मोहऱ्यांचा एक जव, तीन जवांची एक गुंज. गुणाकार केला तर एका गुंजेत १२९६ त्रसरेणू. लिक्षा म्हणजे आपली लीख, केसातली. गुंज सोनाराच्या तराजूत अगदी परवापर्यंत होती, आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. ‘सूक्ष्म’ हा शब्द तिथे नेमका दृष्टीच्या कडेवर ठेवलेला आहे, ऊन पडले तर दिसते, नाहीतर नाही. आणि त्याच्या पुढची सगळी मापे घरातल्या, शेतातल्या दाण्यांची आहेत.

तुम्हालाही मी हेच सुचवतो. दिसणाऱ्या लहान वस्तूसाठी विशेषण शोधत बसू नका, दाणा शोधा. खसखस सुमारे १ मिलिमीटर, मोहरी दीड-दोन, तीळ लांबीला तीनेक, ज्वारी चारेक. वाचणाऱ्याच्या बोटांना हे दाणे माहीत असतात. ‘पांढरी माशी खसखशीच्या दाण्याएवढी’ म्हटले की फूटपट्टी लागत नाही. फुलकिड्याला खसखस चालत नाही, तो लांबट असतो, म्हणून ‘दोऱ्याच्या बारीक तुकड्यासारखा’.

‘बारीक’ हा फारसीतून आलेला शब्द, आता पुरता घरचा. तो जाडी, घेर आणि दळण यांच्याकडे पाहतो : बारीक रवा, बारीक दोरा, बारीक पाऊस, आणि अंगात बारीक ताप. गावाकडे बारकं पोर म्हणतात ते वयाने लहान. बारीक भोके, बारीक ठिपके, बारीक जाळी, असे पत्रकात बेधडक लिहा. ‘पानावर सूक्ष्म ठिपके दिसतात’ असे लिहू नका. दिसतात ना, मग सूक्ष्म कसे?

इवलासा, चिमुकला, पिटुकला यांत माया आहे. रोपाच्या कोंबाला इवलासा म्हणा, किडीला नको. तसूभर, तीळमात्र, काडीमात्र, यत्किंचित, लवलेश हे बहुतेक नकाराबरोबर येतात, ‘तसूभरही मागे सरला नाही’. शिवाय तसू म्हणजे गजाचा चोविसावा भाग, सुमारे इंच-दीड इंच, तो लहान मापाला मुळीच उपयोगाचा नाही. सुताराचे सूत मात्र पक्के माप आहे, इंचाचा आठवा भाग. ‘सूतभर तास’ म्हटले की सुतार नेमका तेवढाच रंधा मारतो.

आकड्यांबद्दल एवढेच. मायक्रो म्हणजे दहा लाखावा भाग आणि नॅनो म्हणजे अब्जावा. आपला अब्ज १०० कोटींचा असल्याने नॅनो तंत्रज्ञानाला ‘अब्जांश तंत्रज्ञान’ हा शब्द नेमका बसला आहे. पण मापे लिहिताना नॅनोमीटर, मायक्रोमीटर असेच लिहा. ‘सूक्ष्ममीटर’ असला शब्द घडवू नका.

लिहिण्यातल्या दोन चुका तुमच्या कच्च्या मजकुरात आहेत. ‘सुक्ष्म’ नाही, ‘सूक्ष्म’. हा तत्सम शब्द आहे, मुळातला दीर्घ ऊकार तसाच राहतो. विषाणू, जीवाणू, अणू एकटे असताना शेवट दीर्घ, कारण १९६२ च्या साहित्य महामंडळाच्या नियमांनुसार मराठीत शब्दाच्या शेवटी येणारा उकार दीर्घ लिहितात. समासात पहिले पद झाले की मूळचा ऱ्हस्व परत येतो : अणुऊर्जा, विषाणुजन्य, जीवाणुनाशक. विभक्ती लागली तर दीर्घच : विषाणूचा, विषाणूंमुळे. तुमच्या पत्रकात ‘विषाणूजन्य’ तीनदा आहे, तिन्ही ठिकाणी बदला.

आणि तुमचे ते वाक्य. ‘विषाणू’च्या आधीचा ‘सूक्ष्म’ व्याकरणाने, अर्थाने बरोबर आहे, म्हणून बाईंनी तो ठेवला. मी काढतो, कारण विषाणू सूक्ष्म नसतो असे कधी होतच नाही, आणि शेतकऱ्याला त्या विशेषणातून करण्याजोगे काही मिळत नाही. मी असे लिहीन :

‘पांढरी माशी खसखशीच्या दाण्याएवढी असते. ती पानाच्या खालच्या बाजूला बसून रस शोषते. झाड हलवले की पांढरी भुकटी उडाल्यासारख्या माश्या उडतात. रोगट झाडाचा रस शोषताना विषाणू तिच्या शरीरात जातो आणि ती निरोगी झाडावर बसली की त्यालाही रोग लागतो. विषाणू डोळ्यांना दिसत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. माशी दिसते. आठवड्यातून दोनदा, सकाळी, पाने उलटून पाहा.’